पदवी लपवावी काय?

शिपायाची जागा निघते, अट बारावीची असते आणि अर्ज करणारा बी.कॉम. झालेला असतो. घरी बसण्यापेक्षा ही नोकरी बरी, असा त्याचा हिशेब. मग कोणीतरी शहाणा सल्ला देतो, "पदवीचे लिहूच नकोस, बारावीच दाखव." हा सल्ला किती महागात पडतो, ते पाहू.

पंजाब नॅशनल बँकेच्या शिपाई भरतीत उमेदवार बारावी उत्तीर्ण असावा, पण १ जानेवारी २०१६ रोजी पदवीधर नसावा, अशी अट जाहिरातीतच होती. एका उमेदवाराने २०१४ सालची आपली पदवी अर्जात दाखवली नाही. निवड झाली, नंतर पदवीचा कागद बाहेर आला आणि बँकेने त्याला नाकारले. ओरिसा उच्च न्यायालयाने त्याची बाजू घेतली, परंतु सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०२० रोजी तो निकाल फिरवला. पात्रता किती ठेवायची हे नोकरी देणाऱ्याने ठरवायचे आणि माहिती दडवणाऱ्याला नोकरीवर हक्क सांगता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

नागपूरच्या जिल्हा न्यायालयातील शिपाई भरतीबाबत २००० साली सर्वोच्च न्यायालयाने जास्त शिकलेल्या उमेदवारांच्या बाजूने निकाल दिला होता, हे खरे. पण बँकेच्या उमेदवाराला तो निकाल तारू शकला नाही. तेव्हा त्याच्या भरवशावर कोणी राहू नये.

म्हणून जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. 'किमान' बारावी एवढेच लिहिले असेल तर पदवीधराने खुशाल अर्ज करावा. राज्याच्या पोलीस शिपाई भरतीत असे अनेक पदवीधर उतरतात. 'पदवीधर नसावा' असे लिहिले असेल तर त्या वाटेला जाऊ नये. त्याच बँकेत कारकुनाच्या जागेला पदवीच लागते, तिची तयारी करावी.

खाजगी नोकरीत अडचण निराळी. तेथे लेखी मर्यादा नसते, मालकाची धास्ती असते. हा एम.कॉम. मुलगा चार महिन्यांत निघून जाईल, मग पुन्हा नवा माणूस शिकवा! ही धास्ती अगदीच खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या वाचकांपैकी दुकानदारांनी ती अनुभवली असेल. तिला उत्तर उमेदवाराने आपण होऊन द्यावे. घर जवळ आहे, हा धंदा शिकायचा आहे, जे कारण खरे असेल ते सांगावे. 'मिळेल ते काम करीन' हे वाक्य मात्र टाळावे, त्याने धास्ती वाढतेच. दोन वर्षे राहायची तयारी असेल तर तसे स्पष्ट बोलावे, नसेल तर कबूल करू नये. बायोडाटात टॅली, टंकलेखन, हिशेबाचा अनुभव आधी लिहावा, पदवी त्याखाली. आणि पगाराचा आकडा त्या जागेला साजेसा सांगावा, आपल्या पदवीला नव्हे.