झील धरणारे

परवा सिद्धेश्वरला धरणाच्या बाजूने संध्याकाळचा फेरफटका मारीत होतो, तोच मुंबईहून भाचीचा फोन आला. आवाज रडवेला. "मामा, सरांनी माझं व्हायोलिन काढून घेतलं आणि व्हायोला हातात दिला. आता मी कायमची मधल्या रांगेत!"

मी पडलो मराठीचा मास्तर. पाश्चात्त्य संगीतातले मला काय कळणार? पण मामाला असे म्हणून सुटता येत नाही. दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि पुस्तके धुंडाळली.

व्हायोला हा व्हायोलिनचा थोरला भाऊ. अंगाने जरा मोठा, आवाजाने खालचा. व्हायोलिनची सर्वांत बारीक तार त्याला नसते. तिच्याऐवजी एक जाड, खर्जाची तार असते. दोन व्हायोलिने, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चौघांच्या मैफलीत वरची चाल बहुधा पहिले व्हायोलिन गाते, पाया चेलो धरतो. मधली पोकळी भरायची ती दुसऱ्या व्हायोलिनने आणि व्हायोलाने.

या मधल्या जागेवर थोर माणसे बसून गेली आहेत. मोझार्ट मित्रांच्या बैठकीत आवडीने व्हायोला वाजवी. द्वोर्झाक तर पोटासाठी व्हायोलावादक होता. १८७१ पर्यंत कित्येक वर्षे तो प्रागच्या नाटकगृहातल्या वाद्यवृंदात दुसऱ्यांच्या रचना वाजवीत होता. त्याची 'न्यू वर्ल्ड' सिंफनी जगापुढे आली १८९३ साली!

आणि आपल्या मुंबईचे मेहली मेहता? व्हायोलिनवादक खरे, पण त्यांची कथा मला अधिक भिडली. जन्म १९०८ चा. १९३५ साली त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. मुंबईत त्यांचा शब्द पहिला. तरीही १९५५ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात नोकरीस गेले. पुढे अमेरिकेत कर्टिस चौकडीत ते बसले, तेही दुसऱ्या व्हायोलिनवर. चाळिशी उलटलेल्या माझ्यासारख्याला विचारा, पहिली खुर्ची सोडणे म्हणजे काय ते! त्यानंतर लॉस एंजेलिसला त्यांनी तरुणांचा वाद्यवृंद काढला आणि नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत तो चालवला. झुबिन मेहता हे त्यांचेच चिरंजीव.

हे सारे मी भाचीला मोठ्या उत्साहाने सांगितले. ती ऐकून घेऊन म्हणाली, "पण मामा, टाळ्या कुणाला मिळतात?"

खोटे बोलवेना. म्हटले, "पहिल्यालाच, बाळ. पण पोवाडा ऐकला आहेस ना? फेटा शाहिराचा, नाव शाहिराचे. मागे झील धरणाऱ्यांची नावे कुणी विचारीत नाही. मी लहान असताना गावात एकदा झीलकऱ्यांचा घसा बसला होता. शाहीर तोच, पोवाडा तोच. पण निम्म्यातच माणसे घोंगड्या झटकून उठली."

ती काही बोलली नाही. माझा इलाज चालला नाही, असेच मी समजलो.

रविवारी पुन्हा फोन आला. "मामा, ऐका हं." पलीकडून खर्जाचे भरदार सूर येऊ लागले. मध्येच थांबत, मध्येच पुढे जात. मला त्यात चाल काही सापडेना.

"समजलं नाही गं," मी कबूल केले.

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, "एकट्याने ऐकून नाहीच समजायचं. बाकीचं तिघांकडे आहे. मंगळवारी आम्ही चौघं बसणार आहोत."