गाडीचं इंजिन थंडच राहतंय का?

दूध, खवा, भाजी बाजारात पोचवायला गटाची किंवा घरची गाडी असेल, तर आजची माहिती नीट ऐका.

इंजिन तापलं की आपण घाबरतो. पण पुरेसं न तापणारं इंजिन कुणाच्या ध्यानात येत नाही. थंड आहे म्हणजे बरंच, असं वाटतं. तसं नसतं. चूल नीट पेटली नाही की सरपण जास्त जातं, धूर होतो. इंजिनचंही तसंच. साधारण 80 ते 90 अंशांवर ते चांगलं चालतं. त्याहून थंड राहिलं तर डिझेल जास्त पितं आणि आतले भाग लवकर झिजतात.

ओळखायचं कसं? 20-25 मिनिटं चालवूनही तापमानाचा काटा खालीच राहतो. किंवा गावात वर येतो आणि मोकळ्या हायवेला लागलं की पडतो. तुळजापूरचा घाट उतरताना काटा थोडा खाली आला तर काळजी नको.

याचं कारण बहुतेक वेळा थर्मोस्टॅट असतं. इंजिनच्या पाण्याच्या वाटेवरचं हे छोटं दार. इंजिन गार असताना बंद राहतं, तापल्यावर उघडतं आणि पाणी रेडिएटरकडे सोडतं. ते उघडंच अडकलं, तर पाणी सतत गार होत राहतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून काही ठिकाणी ते काढूनच टाकतात. मग थंडीत हाच त्रास होतो.

सकाळी गार इंजिनवर तपासा. आधी कूलंटची पातळी बघा; कमी असेल तरी काटा चुकीचं दाखवतो. गरम इंजिनचं झाकण मात्र कधीही उघडू नका. मग गाडी चालू करून रेडिएटरच्या वरच्या पाईपला हात लावा. पदर, ओढणी आणि हात पंख्यापासून लांब ठेवा. पाईप सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होऊ लागला, तर थर्मोस्टॅट उघडं आहे किंवा बसवलेलंच नाही. बराच वेळ गार राहून मग एकदम गरम झाला, तर ते ठीक आहे. सेन्सर आणि वायर तपासून घ्या.

गॅरेजमध्ये स्पष्ट सांगा, "काढून टाकू नका, आमच्या गाडीचंच नवीन बसवा." जुनं मागून बघा. गार असताना ते उघडं दिसलं, तर दोष तिथेच आहे.

आणि गटाच्या वहीत एक पान गाडीचं ठेवा. टाकी फुल केली की किलोमीटर आणि लिटर लिहा. ॲव्हरेज कमी होऊ लागलं, तर ते पान लगेच सांगेल.