आशाताईंच्या पिशवीतलं सोनं!

तारापूर म्हटलं की काय आठवतं? अणुवीज केंद्र! बरोब्बर. १९६९ साली सुरू झालेलं, भारतातलं पहिलं. केवढं मोठ्ठं आहे ते! पण आज आपण तिकडे जाणार नाही. आज जायचंय आशाताईंच्या पिशवीत.

हसू नका! त्या पिशवीत सोनं असतं.

पावसाळ्यात डबकी साचली की डास होतात. मग पालघर-बोईसरकडच्या एखाद्या पाड्यावर कुणीतरी थंडीतापाने कुडकुडायला लागतं. आशाताई, म्हणजे गावात आरोग्याचं काम करणाऱ्या ताई, येतात. बोटाला बारीकशी टोचणी. आई गं! रक्ताचा एक थेंब मलेरिया तपासायच्या छोट्या पट्टीवर. वर कसल्याशा द्रवाचे दोन-चार थेंब. मग पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघत बसायचं. हळूहळू पट्टीवर लालसर रेघ उमटते.

ओळखा पाहू, ती रेघ कशाची? रक्ताची? चूक! शाईची? छे! बहुतेक मलेरिया किटमध्ये ती रेघ असते सोन्याची. खऱ्याखुऱ्या सोन्याची!

तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय! सोनं तर पिवळं असतं. आजीच्या पाटल्या पिवळ्या, आईच्या मंगळसूत्राच्या वाट्या पिवळ्या. हे लाल सोनं कुठून आलं?

गंमत अशी की सोन्याचे अगदी, अगदी, अगदी बारीक मणी केले की ते पिवळे राहतच नाहीत! किती बारीक? तुमच्या डोक्यावरचा एक केस घ्या. त्याच्या जाडीवर हे मणी एका रांगेत लावले, तर सुमारे दोन हजार मावतील! इतक्या चिमुकल्या मापाला म्हणतात नॅनो. (आशाताईंची पिशवी चोरून बांगडी करायचा विचार सोडा. एका पट्टीत सोनं अगदी नावापुरतं असतं.)

पण लाल का? झोक्यावर बसलेल्या मैत्रिणीला ढकलताना काय करता? झोका मागे आला की बरोबर त्याच वेळी ढकलता ना? तरच तो उंच जातो. सोन्याच्या मण्यातही इलेक्ट्रॉन नावाचे कण असतात. प्रकाश त्यांना झोके देतो. पांढऱ्या प्रकाशात तर इंद्रधनुष्याचे सगळे रंग! त्यातल्या हिरव्या रंगाचा ताल या मण्यांशी छान जुळतो. मग मणी तो हिरवा गट्टम् करतात. उरलेला प्रकाश आपल्याला लाल दिसतो!

मायकेल फॅरडे नावाच्या शास्त्रज्ञांनी १८५७ साली लंडनमध्ये सोन्याचे असे मणी असलेल्या लाल पाण्यावर व्याख्यान दिलं होतं. माणकासारखं लालभडक पाणी! आणि असे मणी एकमेकांना चिकटून गोळा झाले, की तेच पाणी निळं-जांभळं होतं. सरडाच जणू!

बरं, पट्टीला मलेरिया कळतो कसा? रानात भटकून आलात की कपड्यांना कुसळं चिकटतात ना? तसंच! मलेरियाचे जंतू रक्तात स्वतःची खास प्रथिनं सोडतात. प्रत्येक सोन्याच्या मण्यावर ती प्रथिनं पकडणारी ‘कुसळं’ आधीच लावलेली असतात. त्यांचं नाव प्रतिपिंड. चहात बुडवलेल्या पावात चहा कसा सरसर वर चढतो, तसा द्रव पट्टीतून पुढे सरकतो. सोबत मणीही निघतात. वाटेत एका जागी आणखी कुसळं दबा धरून बसलेली! ती जंतूचं प्रथिन धरतात. प्रथिनाला मणी चिकटलेला असतोच. म्हणजे तोही अडकला!

एक मणी कुणाला दिसणार? पण लाखो अडकले तर? शाळेच्या गच्चीवरून मैदानातला एकटा मुलगा ठिपक्याएवढा वाटतो, पण प्रार्थनेची रांग लांबूनही दिसते. तशी ही रेघ दिसते!

आणि ताप मलेरियाचा नसेल तर? तरीही एक रेघ येतेच, पुढच्या टोकाला! ती रेघ म्हणते, ‘किट ठीक चाललंय बरं का.’ ती उमटलीच नाही, तर किट बिघडलेलं.

आता आणखी एक नवल. तुमच्या परसातला गवती चहा माहीत आहे ना? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गवती चहाची पानं उकळली आणि तो काढा सोन्याच्या क्षाराच्या पाण्यात घातला. काय झालं असेल? सोन्याचे नॅनो त्रिकोण! चपटे, शंकरपाळ्यासारखे, पण तीन कोनांचे! २००४ साली ही बातमी जगभर गेली. आकार बदलला तसा प्रकाशही बदलला. हे त्रिकोण आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशसुद्धा गिळतात.

आणि आपल्या जवळच, पवईच्या आयआयटीत, प्राध्यापक सौम्यो मुखर्जी यांच्या प्रयोगशाळेने तर प्रकाशाला वळणावर गाठलं! इंटरनेटच्या केबलमध्ये काचेचा तंतू असतो, ठाऊक आहे ना? आत प्रकाश कॅरमच्या स्ट्रायकरसारखा कडांवर आपटत धावतो. त्यांनी असा तंतू केसांच्या आकड्यासारखा वाकवला. घाटात एसटी वळली की आपण सगळे खिडकीकडे कलंडतो ना? तसा वळणावर प्रकाश थोडासा बाहेर डोकावतो. तिथेच त्यांनी सोन्याचे नॅनो मणी बसवले! मण्यांना काही चिकटलं की पलीकडे पोचणारा प्रकाश किंचित बदलतो. तो मोजायचा, की चोर सापडला! अशाच वाकड्या तंतूने, सोन्याशिवायही, त्यांनी ई. कोलाय नावाचा जंतू ओळखून दाखवला. घाण पाण्यातून पोटात जाऊन तो त्रास देऊ शकतो.

प्रकाश खरंच वळतो का, ते बघायचंय? प्लास्टिकच्या बाटलीला खाली एक भोक पाडा, बोटाने बंद करून पाणी भरा. खोलीत अंधार करा. भोकाच्या बरोबर समोरच्या बाजूने टॉर्च लावा आणि बोट काढा. पाण्याची धार वाकेल आणि उजेडही तिच्यासोबत वाकून खाली जाईल! धारेखाली हात धरा, तळहातावर उजेडाचा ठिपका नाचेल.

बादली मात्र आधीच ठेवा. फरशी पुसावी लागली तर माझं नाव सांगायचं नाही!