बारा वर्षांची शार्लिन आणि संतपदाची चौकशी

कुणाला संत म्हणायचे, हे आपल्याकडे लोकच ठरवत आले. ज्ञानेश्वर-मुक्ताबाईंना संतपद कुठल्या न्यायासनाने दिले नाही. कॅथलिक चर्चमध्ये मात्र लोकांच्या श्रद्धेला चौकशीच्या चाळणीतून जावे लागते. वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानात क्रुसावर मारले गेले. त्यांना संतपद मिळाले ते १८६२ मध्ये. हुतात्म्याचे मरण हाच त्याचा मोठा पुरावा. पण आजाराने गेलेल्या लहान मुलीच्या बाबतीत तपासायचे काय?

हा प्रश्न अमेरिकेतील लुइझियाना राज्यात एका खेड्याने उभा केला आहे. राज्याच्या दक्षिण भागात केजन लोकांची वस्ती आहे. अठराव्या शतकात इंग्रजांनी कॅनडाच्या किनाऱ्यावरून हुसकून लावलेल्या फ्रेंच भाषकांचे हे वंशज, परंपरेने कॅथलिक. त्यांच्या रिशार्ड या गावी १३ जानेवारी १९४७ रोजी शार्लिन रिशार्ड जन्मली. दहा भावंडांतली दुसरी. लिझ्यूच्या संत तेरेजाचे चरित्र वाचून तिने आजीला विचारले होते, की अशी प्रार्थना केली तर मीही संत होईन का?

१९५९ च्या उन्हाळ्यात तिला रक्ताचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. लाफायेत शहरातील रुग्णालयात नुकतीच दीक्षा घेतलेले फादर जोसेफ ब्रेनन होते. तू बरी होणार नाहीस, हे तिला सांगण्याचे काम त्यांच्यावर आले. आपल्या वेदना दुसऱ्याच्या भल्यासाठी देवाला अर्पण करता येतात, ही कॅथलिक शिकवण त्यांनी तिला समजावली. त्यानंतर ते भेटायला आले, की आजचे दुखणे कुणासाठी, असे शार्लिन विचारी. ११ ऑगस्टला ती गेली.

इथे थोडे थांबायला हवे. मरणाच्या दारातल्या मुलीच्या हाती मोठ्यांनी दुःखाचा अर्थ ठेवला, असे कुणी म्हणेल. आक्षेप खोटा नाही. चर्चलाही तो वेगळ्या शब्दांत पडला होता. संतपदासाठी ‘वीरोचित सद्गुण’ लागतात, म्हणजे समजून-उमजून आणि सातत्याने आचरलेले. मुलांना ते झेपणार नाही, या विचाराने १९३७ मध्ये अकराव्या पायस पोपांच्या काळात हुतात्मा नसलेल्या मुलांची प्रकरणे थांबवली गेली. १९८१ मध्ये ही भूमिका बदलली. फातिमाची भावंडे फ्रान्सिस्को आणि जासिंता अनुक्रमे दहाव्या आणि नवव्या वर्षी वारली होती. १३ मे २०१७ रोजी ती संत घोषित झाली. मुलाकडून प्रौढाची समज मागायची नाही; त्याच्या वयाला जे कळते ते त्याने मनापासून स्वीकारले का, एवढे पाहायचे. शार्लिनचा रोजचा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. शिकवण फादरांची, विचारणे तिचे.

तिची कीर्ती पसरवली ती फादर ब्रेनन आणि फादर फ्लॉइड कॅले यांनी आणि त्याहून अधिक लोकांनी. सेंट एडवर्ड चर्चच्या आवारातील तिच्या थडग्यावर आजाऱ्यांचे नातलग येतात, चिठ्ठ्या ठेवतात. १९८९ मध्ये तिसाव्या स्मृतिदिनाच्या मिस्सेला हजारो लोक जमले. पण या भक्तीलाही मर्यादा आहे. सतराव्या शतकात आठव्या अर्बन पोपांनी घातलेल्या नियमांनुसार, धन्यवादित घोषित होण्याआधी त्या व्यक्तीच्या चित्राभोवती प्रभावलय काढता येत नाही, तिच्या नावाने वेदी उभारता येत नाही. लोकांत कीर्ती नसेल तर प्रकरण उभे राहत नाही. भक्तीने हद्द ओलांडली तर अडते.

११ जानेवारी २०२० रोजी लाफायेतचे बिशप डग्लस देशोटेल यांनी अधिकृत चौकशी सुरू केली आणि शार्लिन ‘देवाची सेविका’ ठरली. पुढे ‘वंदनीय’, ‘धन्यवादित’, ‘संत’ अशा पायऱ्या असतात. शेवटच्या दोन पायऱ्यांसाठी तिच्या मध्यस्थीने घडलेला एकेक चमत्कार सिद्ध व्हावा लागतो. बरे होणे वैद्यकशास्त्राला न उलगडणारे आणि टिकाऊ हवे. औषधोपचार चालू असताना तसे सिद्ध करणे अवघड जाते.

तिने मागे ग्रंथ ठेवला नाही, संस्था काढली नाही. पुरावा आहे तो माणसांच्या आठवणींचा. चौकशी उघडली तेव्हा तिच्या मृत्यूला साठ वर्षे उलटली होती. तिच्या वर्गात बसलेली मुलेही तोवर सत्तरी ओलांडलेली. रोमचा निर्णय यायचा तेव्हा येईल. आठवण असलेल्या माणसांचे बोलणे लिहून घ्यायला मात्र थांबून चालत नाही.