एरंडेल, दगडाचं पीठ आणि पाण्याचा थेंब

एरंडाचं गुऱ्हाळ म्हणजे निष्फळ काथ्याकूट, हे मराठीत ठरूनच गेलंय. एरंड बिचारा उगाच बदनाम. त्याच्या तेलापासून पॉलियुरेथेन बनतं आणि ते कारखान्याच्या फरशीपासून विजेच्या उपकरणांतल्या आवरणापर्यंत कुठेकुठे लागतं. या पॉलियुरेथेनमध्ये खडू, शंखजिरे, वाळू, चिनी माती असं दगडाचं पीठ मिसळतात हे कळलं की पहिली शंका ठरलेली: म्हणजे भेसळच की!

खडू तेलापेक्षा स्वस्त आहे आणि निव्वळ वजन भरायला तो घालणारेही आहेत, हे मान्य. पण खरं कारण तेलाच्या रेणूत आहे. तेलातले हायड्रॉक्सिल गट आणि आयसोसायनेट नावाचं रसायन यांची जोडणी झाली की पॉलियुरेथेन घडतं. ही वाट १९३७ साली जर्मनीत ओटो बायर यांनी दाखवली. एरंडेलातल्या मेदाम्लांत ८५ ते ९० टक्के रिसिनोलिक आम्ल असतं. त्याची साखळी १८ कार्बनांची आणि हायड्रॉक्सिल बसलेला बाराव्यावर. जोड तिथेच पडतो, पुढचे सहा कार्बन शेपटीसारखे मोकळे लोंबतात. त्यामुळे नुसत्या एरंडेलाचं पॉलियुरेथेन रबरासारखं मऊ निघतं. दगडाचे कण त्या मऊ जाळ्याला ताठपणा देतात. शंखजिऱ्याचे चपटे आणि वोलॅस्टोनाइटचे सुईसारखे कण हे काम गोल कणांपेक्षा चांगलं करतात. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचं काम वेगळंच: २०० अंशांच्या पुढे तापलं की ते वजनाच्या जवळपास ३५ टक्के पाणी वाफेच्या रूपात सोडतं आणि आगीची धग कमी करतं. याला भेसळ कसं म्हणायचं?

कुठलंही खाद्यतेल चालेल, हाही एक समज. सोयाबीन किंवा पाम तेलात हायड्रॉक्सिल गट मुळात नसतातच. रासायनिक प्रक्रिया करून ते आधी बसवावे लागतात. एरंडाला ही देणगी जन्मजात आहे.

बरं, दगडाने ताकद येते तर भरपूर घाला, आणि जितकं बारीक तितकं उत्तम, असंही वाटतं. इथे पिठलं आठवावं. बेसन वाढवत गेलात आणि घोटलं नाहीत की गुठळ्या होतात आणि गुठळीच्या पोटात कोरडं पीठ राहतं. कण जितके बारीक, तितका त्यांचा एकूण पृष्ठभाग मोठा आणि त्यांना भिजवायला तेल जास्त. तेल पुरलं नाही तर मिश्रण घट्ट होतं, हवा अडकते, आणि ताण आला की तडा नेमका गुठळीपासून सुरू होतो. कडकपणा वाढतो तशी लवचीकताही घटत जाते. म्हणून नॅनो आकाराची माती शेकडा दोन-चार भागांतच थांबवतात, आणि खडूच्या कणांना आधी स्टिअरिक आम्लाचा लेप देतात, म्हणजे ते तेलात सुटे राहतात.

‘वनस्पतिजन्य’ हा शब्द वाचून वस्तू मातीत कुजून जाईल असं मानणारे तर पुष्कळ भेटतात. एरंडेलाच्या १०० ग्रॅमला साधारण ४० ग्रॅम एमडीआय हे आयसोसायनेट लागतं आणि ते बहुतेक पेट्रोलियममधूनच येतं. शिवाय एकदा जाळं घट्ट विणलं गेलं की जंतूंना ते सहजी उसवता येत नाही. टिकावं म्हणूनच तर ते बनवलेलं असतं! वर खडू घातला की किलोमागे पेट्रोलियम कमी होतं खरं, पण वनस्पतीचा वाटाही तेवढाच घटतो. जाहिरातीत याचा उल्लेख सापडणार नाही.

या सगळ्यात खरा शत्रू मात्र पाणी. आयसोसायनेटला पाणी भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. फोम बनवताना हेच हवं असतं; भरीव वस्तूत मात्र बुडबुडे आणि फोड येतात. दगडाचं पीठ वरून कोरडं दिसलं तरी हवेतला ओलावा धरून ठेवतं, कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. म्हणून ते आधी तापवून वाळवतात, किंवा ओल शोषणारी झिओलाइटची भुकटी सोबत घालतात.

आणि तरीही एक जागा अशी आहे जिथे पाणी मुद्दाम घालतात: दूध, मांस, बिअर यांच्या कारखान्यांतली पॉलियुरेथेन काँक्रीटची फरशी. पाण्यात घुसळलेलं एरंडेल, एमडीआय, सिमेंट, वाळू आणि विरवलेला चुना असं ते मिश्रण. वजनात बहुतांश खनिजच. वाळूमुळे थराचं तापून फुगणं खालच्या काँक्रीटच्या जवळ येतं, त्यामुळे उकळतं पाणी ओतलं तरी थर सुटत नाही. मग पाण्यामुळे सुटलेल्या वायूचं काय होतं? शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ व्हायची, आठवतं? तेच इथे होतं. चुना तो वायू पिऊन टाकतो आणि स्वतः खडू होऊन फरशीतच राहतो.