आधी गच्ची, मग एसी

पहाटे ५.३०

मे महिन्यातल्या सोलापुरात माझा दिवस गरम पाण्याने सुरू होतो. आज पहिलं काम स्टेशनजवळच्या एका लॉजवर. इथे उतरणारी माणसं अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर करणारी. पाचला उठायचं, अंघोळ उरकायची आणि पहिली एसटी गाठायची. पूर्वी प्रत्येक खोलीत दोन किलोवॅटचा गिझर होता. पहाटे सगळे एकदम चालू व्हायचे आणि मॅनेजर मीटरकडे बघत बसायचा. गच्चीवर सोलर होता, पण बोअरच्या पाण्याच्या क्षाराने त्याच्या नळ्या बुजल्या. दर वर्षी उतरवून साफ करायला कुणाला वेळ आहे?

हिवाळ्यात आम्ही तिथे हीट पंप बसवला. म्हणजे फ्रीजच, पण उलटा: हवेतली उष्णता उचलून पाण्यात सोडणारा. ३०० लिटर पाणी २७ अंशांवरून ५० वर न्यायला साध्या हीटरला आठ युनिट लागतात. पंप तेच काम सव्वादोन-अडीच युनिटांत करतो, आणि बाहेरची हवा जितकी गरम तितकं त्याचं काम हलकं. आपल्या गावाला याहून सोयीचं यंत्र नाही. उष्णता काढून घेतलेली गार हवा तो मागच्या बाजूने फेकतो, तिला डक्ट लावून इस्त्रीच्या खोलीत सोडली आहे.

"मामा, गार लागतंय का?"

"स्वेटर मागवलाय घरून," इस्त्रीवाले मामा म्हणाले.

फिल्टर धुतला, टाकीचं तापमान ५५ वरून ५० वर आणलं आणि निघालो. मे महिन्यात एवढं पुरतं.

सकाळी ७

सात रस्त्याजवळच्या वीस खाटांच्या हॉस्पिटलची गच्ची. आजचं मोठं काम हेच.

कालच झाडून, प्रेशरच्या पाण्याने धुऊन घेतली होती. टाकीभोवती कधीकाळी गळती थांबवायला लावलेल्या डांबराचे काळे पट्टे होते, ते खरवडले. भेगा भरल्या. आज पांढऱ्या परावर्तक रंगाचे दोन हात. पहिला पूर्व-पश्चिम, दुसरा दक्षिण-उत्तर, म्हणजे रोलरची एक रेघही कोरडी राहत नाही. नऊच्या आत संपवायचं. त्यानंतर स्लॅब तापतो, रंगावर साय धरते आणि रोलर ओढायला लागतो.

रंगारी अण्णा पूर्व भागातले, तेलुगू घरातले. त्यांची मुलगी हैदराबादला दिलेली आहे. "तिकडं आता गच्ची पांढरी करायचा कायदाच आलाय म्हणे," ते म्हणाले. तेलंगणाने २०२३ साली कूल रूफचं धोरण आणलं, सरकारी आणि व्यावसायिक इमारतींना सक्तीचं. आपल्याकडे अजून ही ज्याच्या त्याच्या मर्जीची गोष्ट आहे.

तसं यात नवीन काही नाही. चुन्यात फेविकॉल कालवून गच्चीला फासणारी घरं सोलापुरात पुष्कळ आहेत. स्वस्त आहे, गुण येतो, मृगाच्या पहिल्या दोन सरींत वाहून जातं. त्याआधी माळवदं होती: लाकडी फळ्यांवर वीतभर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्यात गळायची, पण मे महिन्यात दुपारी खाली झोप लागायची. मग आपण पाच इंची काँक्रीट टाकलं, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा केला, आणि काळाच्या ओघात ती गच्ची काळपट होऊ दिली. असा स्लॅब दुपारचं ऊन पितो आणि चार-पाच तासांनी खाली सोडतो. म्हणून सिस्टर सांगतात की वरच्या वॉर्डातले पेशंट दुपारी तीनला नाही, रात्री नऊला तळमळतात. बाहेर वारा सुटलेला असतो आणि आत छत तापलेलं. एसी रात्रभर लढतो तो बाहेरच्या हवेशी नाही, डोक्यावरच्या काँक्रीटशी.

मुद्दाम दक्षिणेकडचा एक चौकोन तसाच सोडायला सांगितला. का, ते डॉक्टरांना दुपारी दाखवायचं आहे.

सकाळी ९.३०

दुकानात चहा. पोरं गाडीत कॉपर पाइप, व्हॅक्यूम पंप, सिलिंडर भरतायत. एक फोन: जुन्या आर-२२ च्या मशीनमध्ये "तो नवा गॅस" भरून मिळेल का? नवा म्हणजे आर-२९०, प्रोपेन. गॅस उत्तम आहे. गोदरेजने शिरवळला त्यावर चालणारे एसी बनवलेही. पण त्यासाठीच घडवलेल्या मशीनमध्ये. जुन्यात तो भरणं म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरचा भाऊ भिंतीवर टांगणं. नाही म्हणून सांगितलं.

सकाळी ११

नवी पेठ. कापडाचं दुकान, तोंड पश्चिमेला, दोन टनाचे तीन स्प्लिट, तरी आत काउंटरवरचा पोरगा रुमालाने मान पुसतोय.

"काय ओ साहेब, अजून एक टाकून द्या की," मालक म्हणाले. लग्नसराई चालू आहे, गिऱ्हाईक साडी बघता बघता उठून जातं, त्यांची घाई खरी आहे.

मी आधी मागे गेलो. दोन इमारतींच्या मध्ये हातभर रुंदीची गल्ली, वर पत्रा. तिन्ही आउटडोअर त्यात, आणि समोरच्या दुकानाचे दोन यांच्याकडे तोंड करून. याची गरम फुंकर तो ओढतो, त्याची हा. थर्मामीटर रस्त्यावर ४१ दाखवत होता, गल्लीत ५२. कॉइलवर बोटभर कापसाची लव साचलेली, टॉवेल-चादरींच्या गावात हवेत असते तशी. क्लॅम्प मीटर लावला तर कॉम्प्रेसर पाटीवरच्या आकड्यापेक्षा बराच जास्त करंट खात होता. या गल्लीत चौथा आउटडोअर बसवला तर आधीचे तीन आणखी दमतील. वर जोडभार २० किलोवॅट ओलांडेल, मग महावितरणचा हिशेब केव्हीएमधल्या डिमांडवर जाईल. हे मालकांना कुणी सांगितलेलं नव्हतं. एसी विकणारा कशाला सांगेल?

उपाय साधे आहेत. आउटडोअर गच्चीवर न्यायचे, पाइप लांबेल तेवढा गॅस वाढवायचा. गच्ची पांढरी करायची. पश्चिमेच्या काचेवर बाहेरून सावली द्यायची, आतून पडदा लावून नव्हे, कारण काचेतून आत आलेलं ऊन पडद्याने परत जात नाही. दारावर एअर कर्टन.

पण गच्ची घरमालकाची. बिल भाडेकरूचं. या एका वाक्यात बाजारपेठेतल्या निम्म्या इमारतींची अडचण आली. घरमालकाला गच्ची पांढरी करून काय मिळतं? आणि भाडेकरू अकरा महिन्यांच्या करारावर दुसऱ्याच्या स्लॅबला पैसे का लावेल? म्हणून एसी विकला जातो. तो करार संपला की खोलून नेता येतो, सावली नेता येत नाही.

"त्यांच्याशी तुम्हीच बोला," मालक म्हणाले. "आमचं नळावरनं वाजलंय."

आज गल्लीवरचा पत्रा काढला, कॉइल पाण्याने धुतल्या, तिन्ही मशीनपुढे हवा वर वळवणारी पत्र्याची झाकणं ठोकली. निघताना करंट उतरला होता.

दुपारी २.३०

भाकरी, शेंगाचटणी, ताक. गाव बंद. मोजायला हीच वेळ चांगली.

डॉक्टरांना गच्चीवर नेलं. तापमापक बंदूक सोडलेल्या चौकोनावर धरली: ६२. चार पावलं पुढे, पांढऱ्यावर: ४५. डॉक्टरांनी बंदूक हातात घेऊन स्वतः तीनदा मोजलं, मग चप्पल काढून पांढऱ्यावर पाय ठेवून बघितला. दुसऱ्या बाजूला ठेवला नाही.

एक गोष्ट त्यांना स्पष्ट सांगितली: सोलापूरच्या धुळीने वर्षभरात हे राखाडी पडणार. दिवाळीनंतर एकदा आणि मार्चमध्ये एकदा धुवावं लागेल.

दुपारी ४.३०

जुळे सोलापुरातली अभ्यासिका. तिसऱ्या मजल्यावर पत्र्याचं शेड, खाली प्लायवूडचे कप्पे, त्यात पोलीस भरतीची आणि एमपीएससीची पोरं. संचालक म्हणतो एसी परवडत नाही, कूलर पुरत नाही. एप्रिल-मेमध्ये आपली हवा कोरडी, कूलर फार छान चालायला हवा. चालतोही, पण मोठा कूलर तासाला दहा-पंधरा लिटर पाणी पितो, आणि नळाला उजनी धरणाचं पाणी चार-पाच दिवसांआड. फताटेवाडीला एनटीपीसीचे ६६० मेगावॅटचे दोन संच उजनीच्याच पाण्यावर वीज करतात. इथे ती वीज आहे, कूलरच्या टाकीत पाणी नाही.

सांगोल्याकडे डाळिंबाला उन्हाचा चट्टा पडू नये म्हणून बागेवर नेट टाकतात. तेच इथे सुचवलं: पत्र्यावर दीड फूट उंच लोखंडी अँगल, त्यावर शेडनेट. पत्रा उन्हातच आला नाही तर तापणार कशाने? खालून चकाकीच्या फोमची शीट, मध्ये चार बोटं फट. पैसे पुरले तर पुढच्या वर्षी एक इन्व्हर्टर एसी. एका पोराने विचारलं, "सर, हे परीक्षेला येतं का?" बीईई, म्हणजे केंद्राचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, कोणत्या कायद्याखाली, हे येऊ शकतं म्हणालो. ऊर्जा संवर्धन कायदा, २००१. त्याने लिहून घेतलं.

संध्याकाळी ७

पुन्हा हॉस्पिटल, आता खाली ऑफिसात. बिलांची फाइल. २२ पंखे, प्रत्येकी ७५ वॅटचे जुने. बीएलडीसी पंखा तेवढाच वारा तीसेक वॅटमध्ये देतो. म्हणजे तासाला जवळपास एक युनिट वाचतं, आणि हॉस्पिटलचा पंखा बंद कधी होतो? डॉक्टरांनी याला लगेच होकार दिला. वेटिंग हॉलचा एसी १८ वरून २४ वर आणायला मात्र तयार नव्हते, पेशंटचे नातेवाईक ओरडतात म्हणे. बीईईच्या हिशेबाने एका अंशामागे सुमारे सहा टक्के वीज. पंखा लावून २६ वरही बसता येतं. पाटी लावून बघू, असं ठरलं.

"हे सगळं करणं सक्तीचं आहे का?" त्यांनी विचारलं. नाही. इमारतींच्या ऊर्जा संहितेचा नियम १०० किलोवॅट जोडभारापासून पुढे, तोही मुख्यतः नव्या बांधकामांना. सोलापुरातली बहुतेक दुकानं, दवाखाने, लॉज, क्लासेस त्याच्या खाली राहतात. त्यांच्यापर्यंत पोचतो तो मेकॅनिक.

रात्री ९.३०

नवी पेठेतल्या घरमालकांना फोन. आधी नळाचं भांडण ऐकून घेतलं, सविस्तर. मग सांगितलं, तुम्ही त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहता, तुमची झोपायची खोली गच्चीखालीच आहे. पलीकडे जरा शांतता.

"खर्च कोण करणार?"

रंगाचा निम्मा दुकानदार देईल, आउटडोअर वर न्यायचा सगळा त्याचा, करार तीन वर्षांचा करायचा. दीड हजार फुटांची गच्ची एका नव्या दोन टनी इन्व्हर्टरपेक्षा कमी पैशात होते, हेही सांगितलं.

"करू," ते म्हणाले, आणि फोनवर हात ठेवून आत काही विचारलं. "पण पंधरा दिवसांनी. वर कुरडया आणि सांडगे वाळत घातलेत, ही हलू देणार नाही. आणि ते तुमचे डबे कोपऱ्यात ठेवा, वाळवणावर फुंकर येता कामा नये."

वहीत तारीख लिहिली, पुढे: आउटडोअर रस्त्याकडच्या कोपऱ्यात, तोंड बाहेर.