मांसार्बुदाचे निदान व जनुकांची पुनर्रचना

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचे वर्णन आहे. स्थिर, अल्प वेदनेचे, हळूहळू वाढणारे व न पिकणारे हे अर्बुदाचे स्वरूप वैद्यवर्गास परिचितच आहे. आधुनिक शास्त्रात मांस, मेद आदी मृदू ऊतींच्या कर्करोगास सार्कोमा म्हणतात. त्याचे पन्नासाहून अधिक प्रकार असून त्यांपैकी कित्येक सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखे दिसतात. चिकित्सा मात्र भिन्न असते. अशा वेळी जनुकांची तपासणी उपयोगी पडते.

काही सार्कोमांत दोन गुणसूत्रे तुटून त्यांचे तुकडे परस्परांस जोडले जातात व एक संकरित जनुक निर्माण होते. सायनोव्हियल सार्कोमात एक्स व १८ या, तर यूइंग सार्कोमात बहुधा ११ व २२ या गुणसूत्रांत अशी अदलाबदल होते. ‘फिश’ तपासणीत संशयित जनुकाच्या दोन्ही बाजूंस लाल व हिरवे चकाकणारे शोधक जोडतात. जनुक अखंड असल्यास दोन्ही रंग एकत्र येऊन पिवळसर दिसतात. तुटलेले असल्यास अलग दिसतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. भरत रेखी व सहकाऱ्यांनी या तपासणीविषयी शोधनिबंध लिहिले आहेत. तथापि यूइंग सार्कोमात तुटणारे ईडब्ल्यूएसआर१ हे जनुक अन्य काही अर्बुदांतही तुटलेले आढळते. म्हणून हा अहवाल सूक्ष्मदर्शक तपासणीशी ताडूनच वाचावा लागतो.

खर्डा-जामखेडसारख्या भागात गाठ घेऊन रुग्ण प्रथम वैद्याकडे अथवा औषधाच्या दुकानी येतो. त्यामुळे पुढील निदानाची वाट बऱ्याच अंशी आपल्याच हाती असते. पाच सेंटीमीटरहून मोठी, खोलवर असलेली, वाढत जाणारी किंवा काढल्यावर पुन्हा उद्भवलेली गाठ संशयास्पद मानावी. तिच्यावर मर्दन, क्षारकर्म, अग्निकर्म वा छेदन करू नये. औषध विक्रेत्यांनीही केवळ लेप वा वेदनाशामक देऊन रुग्णास परत पाठवू नये. सुईने तुकडा काढण्याची तपासणीही शक्यतो पुढील शस्त्रक्रिया जेथे होणार त्या केंद्रातच व्हावी.

गाठ आधीच काढलेली असल्यास ऊतीचा तुकडा दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये ठेवलेला असावा. तीव्र आम्लाची प्रक्रिया झालेल्या तुकड्यातील डीएनए नष्ट होऊन तपासणी निष्फळ ठरू शकते. प्रयोगशाळेतील मेणाचा ठोकळा व काचपट्ट्या रुग्णाने मागून घेऊन सोबत न्याव्यात, कारण ‘फिश’ तपासणी त्याच ठोकळ्यावर करता येते व पुन्हा तुकडा काढण्याचा त्रास बहुधा वाचतो. रुग्णास संदर्भपत्र देताना सर्व वैद्यबंधूंनी या गोष्टीची आठवण अवश्य द्यावी.